माशी, खाच आणि त्रैराशिक



उत्तर चुकलं की गणित पुन्हा न करता मधलीच एखादी ओळ खोडून उत्तर जुळवणारी मुलं मी तीस वर्षं पाहिली. तीच खोड मोठ्या माणसांत, तीही हातात बंदूक असताना दिसली, म्हणून हे लिहितो.

२०२३ च्या ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियात पुतण्याकडे होतो. त्याच्याकडे लिव्हर ओढून काडतूस चढवायची विंचेस्टर ९४ आहे, १६ इंच नळीची, आखूड. हरणांच्या शिकारीचा हंगाम महिन्यावर आलेला. सरावाला गेलो (मी दुर्बीण घेऊन मागे!). ५० यार्डांवर गोळ्या नेमापेक्षा चार इंच वर लागत होत्या. तिथल्या एका जाणत्याने सांगितलं, चार इंच खाली नेम धर. दुसरा म्हणाला, पुढची माशी घास, गोळी खाली येईल.

माझं भांडण दोघांशीही आहे.

पहिला सल्ला आळशी. १०० यार्डांवर ती चूक चार इंच राहत नाही, वाढते. हरीण समोर आल्यावर, छाती धडधडत असताना हा हिशेब कोण करणार? आणि चुकला तर भोगायचं हरणाने. पोटात गोळी घेऊन ते रानात तडफडत राहतं. मला शिकार आवडत नाही, पण करणाऱ्याने एवढं तरी देणं लागतं.

दुसरा सल्ला तर साफ उलटा. माशी घासली की तिला खाचेत आणायला नळीचं तोंड वर उचलावं लागतं. गोळी आणखी वर! गोळी वर जात असेल तर माशी उंच हवी, नाहीतर मागची खाच खाली. खाचेखाली पायऱ्यांची पट्टी असते, ती आधी उतरवा. ती तळाला टेकली असेल तरच उंच माशी आणा. घासलेली माशी परत उगवत नाही.

किती बदलायचं? त्रैराशिक मांडा. माशी आणि खाच यांच्यातलं अंतर समजा १४ इंच. त्याला चुकीच्या ४ इंचांनी गुणा, ५० यार्डांच्या १८०० इंचांनी भागा. ०.०३१ इंच. अंतर २० इंच असतं तर ०.०४४ लागले असते. म्हणजे आखूड बंदुकीत जरासा बदलही जास्त बोलतो, म्हणूनच तिथे अंदाजपंचे चालत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, शाळेत एनसीसीच्या मुलांना पॉइंट टू टू रायफलवर शिकवायचो ते: एका गोळीवरून काही ठरवू नका. पाच गोळ्या एका जागी पडतात का ते बघा. पुतण्याने १५० आणि १७० ग्रेनची काडतुसं एकत्र केली होती! वेगळ्या वजनाच्या गोळ्या वेगळ्या जागी पडणारच.

मग एकाच डब्यातली काडतुसं घेतली, नळी निवू दिली, खाच दोन पायऱ्या उतरवली. गोळ्या पाऊण इंच वर आल्या. म्हटलं, आता राहू दे, १०० यार्डांवर जवळजवळ नेमावर येतील.

"काका, तुम्ही तर मराठीत बीए!" पुतण्या म्हणाला.

अरे, त्रैराशिक शाळेतलं आहे. बीएपर्यंत जावंच लागत नाही.

असो. पटलं तर घ्या.