दोन कोटींचा शादलू घ्यायचा की घरचा पोरगा घडवायचा? पुणेरी पलटणच्या डाव्या कोपऱ्याचा विषय खोल आहे

३१ ऑक्टोबर २०२५. दिल्लीचं त्यागराज स्टेडियम. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची फायनल. एका बाजूला दबंग दिल्ली, दुसऱ्या बाजूला साखळीत अव्वल राहिलेली पुणेरी पलटण. स्कोअर झाला ३१-२८ आणि ट्रॉफी दिल्लीला गेली.

तीन गुणांनी हरलं की दुसऱ्या दिवशी काय होतं, हे सांगायला नको. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीपासून पुण्याच्या बालेवाडीपर्यंत, ज्यांच्या ज्यांच्या मोबाईलवर कबड्डीचे रील्स येतात त्या सगळ्यांचा एकच सूर होता. 'शादलू असता तर हा सामना मारला असता.' त्यावर लगेच दुसरा म्हणणार, 'शादलू होता म्हणून गुजरातने काय दिवे लावले?'

गंमत म्हणजे हे दोघंही बरोबर आहेत. एकच खेळाडू एका संघाला दोन कोटींचा वाटतो आणि दुसऱ्या संघाचं दोन कोटींत दिवाळं निघतं, असं का होतं ते समजून घ्यायचं तर आधी पकडीचं गणित बघावं लागतं.

कोपऱ्यातल्या माणसाला एवढा भाव का?

चढाईपटू काय करतो हे सगळ्यांना दिसतं. कॅमेरा त्याच्यावर, कॉमेंट्री त्याच्यावर, रीलही त्याचाच बनतो. बचावातले सात जण साखळी धरून उभे असतात आणि त्यातल्या टोकांच्या दोघांना कॉर्नर म्हणतात, आपल्या जुन्या भाषेत कोपरारक्षक. चढाईपटू बोनस रेषेवर पाय टाकायला गेला की त्याचा घोटा सगळ्यात आधी यांच्या आवाक्यात येतो. पाय हवेत असताना, साधारण अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की झेप घ्यायची की थांबायचं. झेप चुकली तर स्वतः बाद, वर समोरच्याला फुकटचा गुण.

म्हणून चांगला कॉर्नर पकड किती करतो यापेक्षा चढाईपटूच्या डोक्यात किती बसतो, हे महत्त्वाचं असतं. डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली उभा असेल तर बरेच चढाईपटू त्या बाजूला जरा जपूनच जातात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. म्हणजे स्कोअरकार्डवर नाव न लागताही कॉर्नरने त्याचं काम केलेलं असतं.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये याचा एक भाऊ आहे. तिथे त्याला पास रशर म्हणतात. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याआधीच त्याच्यावर धावून जायचं, त्याला आडवा करायचं, निदान घाबरवायचं, एवढंच त्याचं काम. तिथे लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. ३२ संघ, आणि आदल्या हंगामात जो तळाला राहिला त्याला तरुण खेळाडू निवडायचा पहिला मान. २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने अख्ख्या ड्राफ्टमधली पहिली निवड माइल्स गॅरेट नावाच्या पास रशरवर खर्च केली. गॅरेट जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक निघाला. ब्राउन्स मात्र सुपर बोलपर्यंत अजून एकदाही पोहोचलेली नाही. दरवर्षी एप्रिल आला की तिकडचे चाहते यावरच भांडतात. आपलं भांडण तेच आहे, फक्त मातीतलं.

शादलूची कुंडली

आता मोहम्मदरेझा शादलूकडे येऊ. इराणचा डावा कॉर्नर. कागदावर ऑलराउंडर, कारण वेळ पडली तर चढाईलाही जातो.

आठव्या हंगामात तो पाटणा पायरेट्सकडे आला आणि पाटणा फायनलमध्ये गेली, दिल्लीकडून ३७-३६ अशी एका गुणाने हरली. नवव्या हंगामात तोच शादलू, तीच पाटणा, पण संघ प्लेऑफमध्येही नाही. दहाव्या हंगामाआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. त्या हंगामात त्याने पकडीचे ९९ गुण घेतले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पलटणने पहिली ट्रॉफी उचलली.

पुढच्याच लिलावात, ऑगस्ट २०२४ मध्ये, तो हरियाणाकडे गेला, २ कोटी ७ लाखांना. हरियाणा पहिल्यांदाच चॅम्पियन झाली, तीही पुण्याच्या बालेवाडीत. आणि पलटण? प्लेऑफच्या बाहेर. कॅप्टन अस्लम इनामदारच्या दुखापतीचाही त्यात वाटा होता, पण सोशल मीडियावर तेवढं कोण ऐकून घेतंय. 'शादलू गेला, पलटण बसली' हे वाक्य तेव्हापासून पक्कं झालं.

मग आला बारावा हंगाम. गुजरात जायंट्सने शादलूला २ कोटी २३ लाखांना घेतलं, त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली. दुसऱ्या नंबरची बोली चढाईपटू देवांक दलालवर लागली, २ कोटी साडेवीस लाख, बंगाल वॉरियर्सकडून. हंगाम संपला तेव्हा गुजरात आणि बंगाल हे दोन्ही संघ पहिल्या आठातही नव्हते. पलटण शादलूविना साखळीत पहिली आली.

म्हणजे पाच हंगामांत एक उपविजेतेपद, दोन विजेतेपदं आणि दोनदा बाहेर. माणूस तोच, झेप तीच. फरक कशात पडला?

पाच कोटींचं ताट

फरक पडला उरलेल्या पैशांत. दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाला खेळाडूंसाठी पाच कोटींची मर्यादा आहे. राखून ठेवलेल्या खेळाडूंचं मानधनही त्यातूनच वळतं होतं. आणि संघात किमान १८ जण लागतात.

पाच कोटींतले २ कोटी ३५ लाख म्हणजे ४७ टक्के. अर्धं ताट एकाच माणसाने संपवलं. बाकी सतरा जणांनी उरलेल्यात भागवायचं. पुण्याला हे परवडलं, कारण अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत ही सगळी तरुण पोरं आधीपासून संघात तयार होती आणि लिलावात त्यांच्यासाठी कोटींची बोली लावावी लागली नव्हती. भिंत आधीच बांधलेली होती, शादलूने वरचा कळस चढवला. त्या फायनलमध्ये सगळ्यात जास्त गुण तर पंकज मोहितेने काढले होते, शादलूने नाही.

उलट उदाहरण त्याच लिलावातलं. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६०.५ लाखांना घेतलं, लीगच्या इतिहासातली तोपर्यंतची सर्वात मोठी बोली. पर्समधले ५२ टक्के एका माणसावर. टायटन्स त्या हंगामात शेवटच्या नंबरवर राहिली. पवन वाईट खेळला असं कुणीच म्हणणार नाही. तो बाद होऊन बाकावर बसला की चढाई कुणी करायची, हाच प्रश्न होता.

पवनची आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच्या आदल्या हंगामात तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला, हंगाम संपला. एवढी मोठी बोली आणि खेळ एका सामन्याचा. कॉर्नरच्या कामात तर रोज गुडघा आणि खांदा पणाला लागतो.

लिलावाची एक खोडही आहे. ड्राफ्टमध्ये तुमचा नंबर आला की खेळाडू तुमचा, त्याला किती पैसे द्यायचे हे बऱ्यापैकी ठरलेलं. लिलावात भाव तुम्ही ठरवत नाही, तो ठरवतो तुमच्यानंतर सगळ्यात जास्त हपापलेला संघ. वर 'फायनल बिड मॅच'चं कार्ड आहे. म्हणजे तुम्ही भाव चढवत चढवत जिंकलात, तरी जुना संघ तेवढीच रक्कम देऊन खेळाडू परत घेऊ शकतो. त्यामुळे ज्या संघांना तो नको असतो तेही बोली वाढवतात, समोरच्याची पर्स रिकामी व्हावी म्हणून. बैलबाजारात बसलेल्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही.

पण फायनल पकडीवरच फिरते

इथवर वाचून वाटेल की पलटणने स्टार कॉर्नरचा नाद सोडावा. पण पुण्याने खेळलेल्या तीन फायनलचे स्कोअर बघा. २०२२ मध्ये जयपूरकडून २९-३३ हार. २०२४ मध्ये हरियाणावर २८-२५ विजय. २०२५ मध्ये दिल्लीकडून २८-३१ हार. फरक चार, तीन आणि तीन गुणांचा.

साखळीत चाळीस-चाळीस गुण काढणारे संघ फायनलला तिशीच्या आसपास अडकतात. कुणी धोका पत्करत नाही, चढाया रिकाम्या जातात. अशा सामन्यात मॅटवर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेली एक अव्वल पकड दोन गुण देते, शिवाय लोण टाळते. लोणाचे दोन गुण वाचले ते वेगळेच. एका झेपेची किंमत अशी चार गुणांपर्यंत जाते, आणि पुण्याच्या तीनही फायनल चार गुणांच्या आत संपल्यात.

आणि दिल्लीच्या बचावात कोण होतं? फझल अत्राचली. वय तेहेतीस. प्रो कबड्डीत पकडीचे सर्वाधिक गुण त्याच्या नावावर. यू मुंबासोबत दुसऱ्या हंगामात, पाटण्यासोबत चौथ्या हंगामात आणि आता दिल्लीसोबत बाराव्यात, अशी तीन विजेतेपदं. सहाव्या हंगामात एक कोटीचा पल्ला गाठणारा पहिला खेळाडू हाच. पण बाराव्या हंगामाच्या लिलावात ज्या दहा जणांवर कोटीपेक्षा जास्त बोली लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. २०२२ ची फायनल हरलेल्या पलटणचा कॅप्टनही फझलच होता.

म्हणजे दिल्लीने अनुभवी कॉर्नर घेतला, पण कोटींच्या घरात न जाता. मोठे पैसे, १ कोटी ९० लाख, चढाईपटू आशू मलिकवर लावले.

मग पलटणने करावं काय?

शादलू बाजारात आला, तर दीड कोटीपर्यंत हात वर ठेवायला हरकत नाही. त्यापुढे गेला तर जाऊ द्यावा. गौरव खत्री आणि अबिनेश यांच्यामुळे पलटणची उजवी बाजू भक्कम आहे. तिला शोभेल असा डावा कॉर्नर हवा, पण त्याच्यासाठी अस्लम किंवा पंकजसारखा माणूस सोडावा लागत असेल तर तो व्यवहार तोट्याचा. २०२३ मध्ये अर्धी पर्स एकावर लावणं जमलं, कारण बाकीची पोरं तेव्हा स्वस्तात होती. आता तीच पोरं चॅम्पियन आहेत, त्यांचाही भाव वाढलाय. २०२३ चा डाव तसाच्या तसा खेळता येणार नाही.

दुसरा पर्याय मधल्या भावातल्या तरुण कॉर्नरचा. पण हे मधलं दुकानही महाग होत चाललंय. पाटण्याचा अंकित जागलान बाराव्या हंगामाच्या लिलावात १ कोटी ५७ लाखांच्या वर गेला. दोन हंगाम चांगले गेले की 'तरुण आणि स्वस्त' यातलं 'स्वस्त' गळून पडतं.

राहिला तिसरा पर्याय, घरचा पोरगा. आणि इथे देवगाव रंगारीचा संबंध फक्त रील बघण्यापुरता राहत नाही.

लिलावातल्या सगळ्यात खालच्या, ड गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये आहे. कन्नड पट्ट्यात कापूस, मका, अद्रक पिकवणाऱ्या घरासाठी हा आकडा किती मोठा, हे वेगळं सांगायला नको. लिलावाशिवाय 'नवे युवा खेळाडू' म्हणूनही संघ पोरं उचलतात. पलटणची युवा फळी अशीच उभी राहिली. तो अस्लमही काही महानगरातला नाही. देवगावहून वैजापूर तालुका ओलांडून गोदावरी पार केली की लागतो तो अहिल्यानगर जिल्हा त्याचा.

अडचण अशी की चढाईपटू नजरेत भरतो, कॉर्नर भरत नाही. गावच्या स्पर्धेत दहा गुण घेणाऱ्या पोराचं नाव माईकवर पुकारलं जातं, बक्षीस त्याला मिळतं. ज्याच्या भीतीने समोरचा बोनसला आलाच नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. जिल्हा निवड चाचणीत काही मिनिटांत पोरगा जोखायचा असतो, तेव्हा कॉर्नरने झेप घेण्याची वेळ एक-दोनदाच येते. शिवाय गावात सराव मातीवर, अनवाणी. वरच्या स्पर्धा मॅटवर, बूट घालून. मातीत घोटा धरल्यावर पाय रुततो, मॅटवर तोच चढाईपटू घसरत रेषेपर्यंत पोहोचतो. हा फरक अंगवळणी पडायला मॅट लागते, आणि ती प्रत्येक तालुक्यात नाही.

किशोर गटाची वयोमर्यादा १६, कुमार गटाची २०. म्हणजे गावातल्या पोराकडे स्वतःला दाखवायला चारेक वर्षं असतात. महाराष्ट्राने याआधी डाव्या कोपऱ्यातला गिरीश इरनाक दिलाय, तो पलटणकडूनही खेळला. २०१८ मध्ये रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, ते अकरा वर्षांच्या खंडानंतर. त्यानंतर कोटींची बोली लागलेली मराठी नावं बघितली, म्हणजे सिद्धार्थ देसाई, अजिंक्य पवार, तर ती चढाईपटूंची आहेत. कॉर्नर एकही नाही.

पुढच्या लिलावाआधी राखलेल्या खेळाडूंची यादी येईल, तेव्हा पलटणच्या यादीत आधी बघायचं ते हे की अस्लम, पंकज, गौरव आणि अबिनेश यांच्यातले किती जण राहिलेत. चौघंही असतील तर डाव्या कोपऱ्यासाठी पर्समध्ये फार काही उरलेलं नसेल, आणि मग तिथे उभा राहणारा पोरगा लिलावाच्या टेबलवर नाही, युवा पलटणच्या मॅटवर शोधावा लागेल.