व्यासपूजा आणि गुरूचा धर्म

आज आषाढी पौर्णिमा. भगवान व्यासमहर्षींच्या पूजनाचा मंगल दिवस. घरोघरी गुरुप्रतिमेस हार चढेल, मठमंदिरांतून पाद्यपूजा होतील, आणि पालघर-बोईसर परिसरातील महाविद्यालयांतही विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांच्या हाती फूल देऊन नमस्कार करतील. हा शिष्याचा धर्म झाला. त्याविषयी आम्ही कीर्तनकार वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. गुरूच्या धर्माविषयी मात्र आमच्याकडून फार थोडे बोलले गेले, ही खंत मनात आहे. म्हणून आजचे हे चार शब्द.

ज्यांच्या नावाने ही पौर्णिमा ओळखली जाते, त्या व्यासांनी अध्यापन कसे केले हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी वेदराशीचे चार विभाग केले आणि ऋग्वेद पैलास, यजुर्वेद वैशंपायनास, सामवेद जैमिनीस व अथर्ववेद सुमंतूस दिला. इतिहास-पुराणांचा वारसा रोमहर्षण सूताकडे आला. चौघांना एका ओळीत बसवून एकच पाठ त्यांनी घोकवून घेतला नाही. अधिकार पाहून विद्या दिली. प्रश्नोपनिषदातील पिप्पलाद ऋषींकडे सहा जिज्ञासू समिधा घेऊन आले, तेव्हा ऋषींनी त्यांना आधी एक वर्ष आपल्याजवळ राहण्यास सांगितले, आणि नंतर प्रत्येकाचा प्रश्न वेगवेगळा ऐकून घेतला. शिवाय, आपणांस ठाऊक असेल तरच सांगू, असेही प्रांजळपणे बजावले. सहा शिष्य, सहा प्रश्न आणि सहा उत्तरे! अध्यापनाची याहून शुद्ध रीत ती कोणती?

काही वर्षांपूर्वी बोईसरला आमचे कीर्तन आटोपल्यावर कारखान्याच्या गणवेशातील एक तरुण पाया पडण्यास आला. विज्ञान शाखेचे दुसरे वर्ष त्याने अर्धवट सोडले होते. कारण विचारता तो खाली मान घालून म्हणाला, “महाराज, पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. मग जायची लाज वाटू लागली. मी येत नाही हे कोणाच्या लक्षातही आले नाही.” त्या रात्री आम्ही गुरुमहिम्यावरच निरूपण केले होते. ते आम्हांला एकाएकी पोकळ वाटू लागले.

आमचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला. एकीकडे १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुवीज केंद्र आणि शेजारची औद्योगिक वसाहत. दुसरीकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीचे आदिवासी पाडे. पाड्यांवरून, कोळीवाड्यांतून आणि कामगारांच्या चाळींतून येणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच असतात. कोणता विषय घ्यावा, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, नापास झाल्यास पुढे काय करावे, हे सांगणारे घरी कोणी नसते. अशा विद्यार्थ्याला शंभरांच्या वर्गातील व्याख्यान पुरत नाही. त्याला नावाने हाक मारणारा एक तरी प्राध्यापक लागतो.

ही अपेक्षा अवास्तव नव्हे. याच भूमीचे सुपुत्र प्राचार्य शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. पालघरचे महाविद्यालय आज त्यांचे नाव मिरविते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य आणि त्याच वेळी पंढरीचे निष्ठावंत वारकरी, अशी त्यांची थोरवी होती. १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन करणारे विष्णुबुवा जोग हे त्यांचे गुरू. गुरूंच्या सान्निध्यात जे मिळाले, ते त्यांनी आयुष्यभर वाटले. एवढ्या अधिकाराचा हा पुरुष लोकांच्या तोंडी केवळ ‘मामा’ होता. ज्याला मामा म्हणता येते, त्याच्यापाशी मनातली अडचण सांगण्यास संकोच वाटत नाही. आमच्या मते या एका संबोधनात अध्यापनशास्त्राचे सार आले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांच्या स्वागताची मार्गदर्शिका काढली. तीत विद्यार्थ्यांस मार्गदर्शक प्राध्यापक नेमून देण्याचाही विचार आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनातही एका मार्गदर्शकामागे विद्यार्थी किती, याचा हिशेब मागितला जात आला आहे. योजना उत्तमच आहेत. तथापि नोंदवहीत नाव आले म्हणजे नाते जुळले, असे होत नाही. अनेक जागी प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात आणि त्यांना स्वतःच्याच उद्याची शाश्वती नसते. त्यांच्याकडून केवळ कागद भरून घेणे हा न्याय नव्हे. शासनाने व संस्थाचालकांनी या कामासाठी पुरेसे अध्यापक आणि वेळापत्रकात हक्काचा तास द्यावयास हवा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही आस्था म्हणजे दाम मोजून घेतलेली शिकवणी नव्हे, आणि गुरुभक्ती म्हणजे अन्याय निमूट सोसणेही नव्हे. गुरूची शंका आली तर ती बोलून दाखविण्याचे धैर्य मुलामुलींना, विशेषतः मुलींना, घरातूनच मिळाले पाहिजे.

म्हणून आजच्या पूजेनंतर, प्रसाद वाटून झाल्यावर, प्रत्येक माउलीने आपल्या महाविद्यालयीन लेकराला जवळ बसवून एवढेच विचारावे: “बाळ, तुला नावाने ओळखणारे तुझे सर कोण, बाई कोण?” उत्तर आले नाही तर संकोच न करता महाविद्यालयात जाऊन भेटावे. आणि प्राध्यापक बंधुभगिनींनी आज हाती आलेल्या फुलांबरोबर, जो विद्यार्थी फूल द्यायला आलाच नाही त्याचीही आठवण ठेवावी. त्याची विचारपूस करणे हीच या पौर्णिमेची खरी व्यासपूजा, असे आम्ही मानतो.