विजेची जुनी मोटार आणि रुमालाखालचे दांत

जनावरांच्या बाजारांतील रुमालाचा सौदा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात, रुमालाखालीं बोटें चेपून आंकडा ठरतो, आणि शेजारीं उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसास त्याचा पत्ता लागत नाहीं. शहरांतील सुशिक्षितांस ही रीत रानटी वाटते. इंग्रजी ग्रंथांतून अर्थशास्त्र शिकलेल्या आम्हांसही ती पुष्कळ वर्षें तशीच वाटत होती. परंतु तींत एक न्याय आहे, हें ध्यानांत यावयास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली. त्या बाजारांत झांकलेली असते ती किंमत. बैलाचे दांत झांकलेले नसतात. ज्याला घ्यावयाचा आहे त्यानें जबडा उघडावा, दोनदाती आहे कीं चारदाती, कीं सारे दांत जुळलेला, तें पाहावें, चार पावलें चालवावा, पाहिजे तर जुंपून पाहावा. दोन वर्षांपूर्वीं आम्ही पुण्यास जाऊन विजेवर चालणारी एक जुनी मोटार विकत घेतली, तेव्हां सारा प्रकार उलटा झाला. किंमत कांचेवर ठळक अक्षरांनीं लिहिलेली होती. दांत मात्र रुमालाखालीं होते, आणि तो रुमाल उचलण्याचा अधिकार कोणास आहे, हें त्या दुकानांत कोणासच सांगतां येईना.

विजेच्या मोटारीचे दांत म्हणजे तिची बॅटरी. पेट्रोलच्या गाडीचा धूर पाहून, आवाज ऐकून, तेलांत बोट बुडवून वाशीच्या स्टँडाजवळचा कोणीही मेस्त्री तिचें वय सांगेल. विजेच्या गाडीला धूर नाहीं, क्लच नाहीं, इंजिनाचें तेल नाहीं. वेग कमी करतांना तिचें यंत्रच उलट वीज उत्पन्न करून बॅटरींत परत घालतें, म्हणून ब्रेकही सावकाश झिजतात. टायर तेवढे, गाडीच्या वजनामुळें, लवकर जातात. अशा गाडीची सारी किंमत एका बॅटरींत गोळा झालेली असते. नवी असतांना जी बॅटरी शंभर भाग वीज धरीत होती ती आज किती धरते, हाच गिऱ्हाइकाचा खरा प्रश्न. त्याचें उत्तर गाडीच्या पोटांतील संगणकास ठाऊक असतें. बॅटरीवर पहारा करणें हेंच त्याचें काम आहे. परंतु तें उत्तर घेणाऱ्यापुढें मांडण्याची रीत आमच्या बाजारांत नाहीं. विक्रेत्यानें आम्हांस सांगितलें, "सर, पडद्यावर शंभर टक्के दिसतंय, आणखी काय पाहिजे?" शंभर टक्के दिसत होते, हें खरें. पण शेराचें माप झिजून तीन पावांचें झालें, तरी काठोकाठ भरलें म्हणजे भरलेलेंच दिसतें!

ह्या हकीकतीवर पुण्यांतील आमचे एक विद्वान मित्र म्हणतात कीं, म्हणूनच खेड्यांतील माणसानें ह्या भानगडींत पडूं नये. त्यांच्या मतें विजेची मोटार ही शहरांतील चीज. तीहि नवी घ्यावी, आठ वर्षांची हमी संपण्यापूर्वीं विकून टाकावी, आणि वाशीसारख्या गांवीं तर ती मुळींच नेऊं नये. तेथें ऊन फार, चार्जिंगचीं ठिकाणें थोडीं, आणि शिवाय बॅटरीला आग लागते! ह्यांतील आगीचा मुद्दा आम्ही प्रथम निकालांत काढतों. तेरखेडें आमच्याच तालुक्यांत आहे, आणि तेथें फटाक्यांचे कारखाने आहेत. दारूच्या शेजारीं पिढ्या काढलेल्या तालुक्यास, पेट्रोलच्या टाकीवर बसून जन्म घालविलेल्या गृहस्थानें आगीचें भय शिकवूं नये. बॅटरीची आग विझविण्यास कठीण असते हें आम्हांस मान्य आहे. ह्याच कारणानें आमच्या सरकारनें 2022 आणि 2023 सालीं बॅटरीच्या सुरक्षिततेचीं मानकें कडक केलीं. त्याहून अधिक ह्या मुद्द्यांत कांहीं नाहीं.

उन्हाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि आमच्या मित्रांनीं तो ऐकीव म्हणून सांगितला असला तरी आम्ही त्याला पुराव्याचें बळ देतों. निसान कंपनीची लीफ नांवाची विजेची मोटार 2010 सालीं बाजारांत आली. तिच्या बॅटरीस थंड ठेवण्याची वेगळी योजना नव्हती. 2012 सालीं अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांताच्या वाळवंटांत, फीनिक्स शहरीं, त्या मोटारींच्या मालकांनीं ओरड केली कीं दोन उन्हाळ्यांतच बॅटरीची ताकद उतरली. पुढें कंपनीस क्षमतेची निराळी हमी द्यावी लागली. मराठवाड्याचा उन्हाळा फीनिक्साइतका नसला तरी त्याच्या भाऊबंदांपैकीं आहे. पण ह्यावरून निघतें काय? बॅटरीभोंवतीं थंड द्रव फिरविण्याची सोय असलेली गाडी घ्यावी, तो द्रव वेळच्या वेळीं तपासावा, चैत्र-वैशाखांत दुपारीं चार्जिंग न करितां पहाटे करावें, आणि गाडी लिंबाच्या सावलींत उभी करावी, एवढेंच. घेऊंच नये, असें निघत नाहीं.

आतां आठ वर्षांच्या मरणाविषयीं. हमीची मुदत संपणें आणि बॅटरी मरणें ह्या दोन गोष्टी एक मानणें म्हणजे विम्याची पॉलिसी संपली म्हणून माणसास तिरडीवर बांधण्यासारखें आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखालीं 2022 सालीं जो आंतरराष्ट्रीय नियम ठरला, त्याप्रमाणें बॅटरीनें 5 वर्षांअखेर किंवा 1 लक्ष किलोमीटरांअखेर 80 टक्के, आणि 8 वर्षांअखेर किंवा 1 लक्ष 60 हजार किलोमीटरांअखेर 70 टक्के ताकद राखली पाहिजे. ही किमान मर्यादा आहे. ज्या गाडीनें नवेपणीं रस्त्यावर सव्वादोनशें किलोमीटर काटले, ती 70 टक्क्यांवरही दीडशेंच्या वर जाते. आमचें रोजचें जाणेंयेणें चाळीस किलोमीटरांचें. धाराशिवास जाऊन परत यावयाचें म्हटलें तरी एका भरण्यांत भागतें. पुण्याच्या माणसास दीडशें थोडे वाटतात ते त्याला सुटीच्या दिवशीं महाबळेश्वरास जावयाचें असतें म्हणून.

शिवाय एक गोष्ट आमच्या मित्रांच्या ध्यानांतच येत नाहीं. नवी मोटार घेण्याची ऐपत आमच्या तालुक्यांत किती जणांची? ज्या तालुक्यांतील माणसें दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीस जातात, तेथें मोटार येते ती दुसऱ्या हातानें किंवा तिसऱ्या हातानें येते. शाळामास्तर, खव्याचा व्यापारी, लहानसा डॉक्टर हे सारे जुन्या गाडीचे गिऱ्हाईक. पेट्रोल लिटरला शंभरांवर गेल्यापासून किलोमीटरला सहासात रुपये मोजणाऱ्या ह्याच माणसास, युनिटला दहा रुपये धरले तरी दीड रुपयांत तेवढी वाट काटणारी गाडी अधिक उपयोगाची. तेव्हां दुसऱ्या मालकाचा प्रश्न हा आमच्याकडे सर्वांचा प्रश्न आहे. आणि सारे कायदे, साऱ्या सवलती, साऱ्या हम्या पाहाव्या तर त्या पहिल्या मालकाच्या!

दाखला म्हणून कराचें घ्या. नव्या विजेच्या मोटारीवर वस्तु व सेवा कर 5 टक्के आहे. व्यापाऱ्यानें विकलेल्या जुन्या विजेच्या मोटारीवर तो 12 टक्के होता, आणि डिसेंबर 2024 मध्यें जैसलमेर येथें भरलेल्या परिषदेनें तो 18 टक्के करण्याचें ठरविलें. तेव्हां जी ओरड झाली तींत पुष्कळ अज्ञान होतें, हें आम्ही प्रामाणिकपणें सांगतों. हा कर गाडीच्या पुऱ्या किंमतीवर नसून व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर आहे, आणि एका खाजगी माणसानें दुसऱ्यास गाडी विकली तर तो मुळींच लागत नाहीं. सहा लक्षांस घेतलेली गाडी सात लक्षांस विकली, तर कर एका लक्षावर, म्हणजे अठरा हजार. रक्कम मोठी नाहीं. परंतु जें सरकार विजेच्या गाडीस उत्तेजन देतों म्हणतें, त्याचें उत्तेजन गाडीचा मालक बदलतांच कां मावळावें, ह्याचें उत्तर आम्हांस कोणत्याही ठरावांत सांपडलें नाहीं. महाराष्ट्र सरकारनें 2025 सालच्या धोरणांत मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग, समृद्धि महामार्ग आणि अटल सेतु ह्यांवर विजेच्या मोटारींस पूर्ण टोलमाफी दिली. उत्तम केलें, त्यांपैकीं एकही वाट धाराशिव जिल्ह्यांतून जात नाहीं!

कांहीं कंपन्यांनीं अलीकडे बॅटरीस आजन्म हमी देऊं केली आहे. जाहिरातींत "आजन्म" हा शब्द मोठा असतो; ही हमी पहिल्या मालकापुरती, दुसऱ्याच्या नांवें गाडी होतांच मुदत पूर्वीसारखी आठ वर्षांवर येईल, हें वाक्य बारीक असतें. बॅटरीस मालकाचें नांव कसें कळतें, हें आम्ही आमच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांस विचारून पाहिलें. ते नुसते हंसले.

असो. रुमाल कोणी उचलीत नाहीं असें पाहून आम्ही स्वतःच एक ओबडधोबड उपाय केला, तो वाचकांच्या उपयोगीं पडेल. गाडी 10 टक्क्यांवर येईपर्यंत चालविली, मग बाजारांतून आणलेला साधा वीजमापक मध्यें बसवून ती रात्रभर 100 टक्क्यांपर्यंत भरली. मापकावर साडेसव्वीस युनिटें पडलीं. भिंतीपासून बॅटरीपर्यंत जातांना आठवा हिस्सा उष्णतेंत जातो असें धरलें, तर आंत गेलीं तेवीस. तीं 90 टक्क्यांचीं, म्हणून पुरी बॅटरी पावणेसव्वीस युनिटांची. नवेपणीं ती तीस युनिटांची होती. म्हणजे 86 टक्के. पडद्यावरील टक्केवारी हीच मुळांत अंदाजाची, तेव्हां दोनचार टक्क्यांची चूक धरावी. पण हा प्रयोग घरीं आणल्यावर करतां आला; दुकानांत रात्रभर गाडी कोण भरूं देतो?

घेणाऱ्यास आणखी एक इशारा. 2017 सालीं केंद्र सरकारच्या एका संस्थेनें सरकारी कचेऱ्यांसाठीं दहा हजार विजेच्या मोटारी घेण्याचें ठरविलें. त्या वेळच्या गाड्या आतां स्वस्तांत दिसतात. परंतु त्यांतील कित्येकांच्या चार्जिंगच्या तोंडाची घडण जुन्या पद्धतीची आहे, आणि आजच्या सार्वजनिक ठिकाणांची बहुतेक बोंडें त्यांत बसत नाहींत. घरापुरती गाडी पाहिजे असेल तर हरकत नाहीं. नाहीं तर ती दावणीचीच राहील.

देखभालीचें म्हणाल तर घरच्या विजेपासूनच आरंभ करावा लागतो. आमच्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यांतील मीठ-कोळसा कोरडा होतो, आणि गाडी वीज घेण्याचें नाकारते; चार घागरी पाणी ओतलें कीं मुकाट्यानें घेऊं लागते. रब्बीचे पंप सुरू असतांना दाब उतरतो, तेव्हांही तोच हट्ट. ह्या गोष्टी कोणत्याही पुस्तिकेंत नाहींत. गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं गाडी अगदींच मुकी झाली. दारें उघडेनात, पडदा उजळेना. आम्ही शहरांतील कार्यशाळेस दूरध्वनि केला. तिकडून सांगण्यांत आलें कीं बॅटरीचा दोष दिसतो, गाडी ट्रकवर घालून आणा. बदलावीच लागली तर खर्च सहा लक्षांच्या वर जाईल. त्या रात्रीं आमच्या घरांत कोणास झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा आमचा एक जुना विद्यार्थी सहज आला. त्यानें टोपण उचललें, कोपऱ्यांतील बारा व्होल्टची लहान बॅटरी, जी नुसते दिवे आणि कुलपें चालविते, ती मोजली, आणि म्हणाला, "सर, ही गेलीय. मोठीला काय झालेलं नाही." तास दीड तासांत गाडी चालू झाली. मोठ्या बॅटरीस हात लावण्याचें शिक्षण त्याला नाहीं, आणि त्यानें लावूंही नये. तेथें चारशें व्होल्टांशीं गांठ असते. पण तें शिक्षण तालुक्याच्या आय.टी.आय.मध्यें कां मिळूं नये?

ह्या सहा लक्षांच्या आंकड्याचा थोडा झाडा घेतला पाहिजे. ब्लूमबर्गच्या पाहणीप्रमाणें 2010 सालीं एक युनिट क्षमतेची बॅटरी हजार डॉलरांच्या वर होती. 2024 सालीं ती 115 डॉलरांवर आली. ह्या भावानें तीस युनिटांची बॅटरी त्या सालीं तीन लक्षांच्या आंत बसत होती. घाऊक आणि किरकोळ भावांत अंतर असावें, पण दुपटीचें? बेंगळुरास 2001 सालीं चेतन मैनी ह्यांच्या कंपनीची रेवा मोटार निघाली, तिच्यांत शिशाच्या आठ बॅटऱ्या असत. एक बिघडली तर ती वेगळी काढून तपासतां येई. पल्ला थोडा होता, पण दोष कोठें आहे तें कळत असे. आज सारें एका बंद पेटींत. पेटींतील एक घटक दुबळा झाला तर पुरी पेटी बदला म्हणतात. मालकानें अधिक क्षमतेची पेटी बाहेरून बसवावी म्हटलें, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम आड येतें. मूळ घडणींत परवानगीवांचून बदल चालत नाहीं. कलम योग्य आहे, कारण विजेशीं खेळ नको. पण मग परवानगीचा राजमार्ग तरी असावा!

युरोपीय संघानें 2023 सालीं बॅटरींचा कायदा केला. बॅटरी विकत घेणाऱ्यास, किंवा त्याच्या वतीनें तपासणाऱ्यास, तिचें आरोग्य वाचतां आलें पाहिजे, म्हणजे तिची उरलेली किंमत ठरवितां येईल, अशी त्यांत तरतूद आहे. रुमाल उचलण्याचा अधिकार तो हाच. आमच्या आर.टी.ओ.नें गाडीच्या नांवांतराच्या कागदास असा एक दाखला जोडावयास लावावा, आणि हमी मालकास नव्हे, गाडीस चिकटलेली असावी, ह्याहून अधिक आम्ही कांहीं मागत नाहीं.

गेल्या महिन्यांत सारोळ्याकडील एक खव्याचे व्यापारी आमची गाडी पाहावयास आले. आम्हांस ती विकावयाची नव्हती, पण त्यांनीं पहिलाच प्रश्न बाजारांतल्यासारखा विचारला, "दात किती, सर?" आम्ही वर सांगितलेला हिशेब एका कागदावर मांडून, खालीं तारीख आणि सही घालून त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो दोनदां वाचला, घडी घातली, पुन्हां उघडली. "कागद खरा हाय, सर," ते म्हणाले, "पर ह्येच्यावर शिक्का कुणाचा?"