काडीकचऱ्याचें यंत्र घेण्यापूर्वीं

हल्लीं कोणत्याहि शेतकी प्रदर्शनांत जावें, तर फांद्या, पाला व काडीकचरा बारीक करणाऱ्या श्रेडर यंत्राभोंवतीं शेतकऱ्यांची दाटी दिसते. ही आवड इष्टच होय. छाटणीचा माल बांधावर जाळणें म्हणजे खतच जाळणें, हें आतां कोणास पटवावयास नको. परंतु यंत्र पाहतांना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'किती अश्वशक्तीचें?' आमच्या मतें चूक होते ती येथेंच. पहिला प्रश्न विक्रेत्यास नव्हे, आपल्या बागेस विचारावयाचा असतो.

आमची उभी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. हिशेबावांचून पाऊल टाकूं नये हें आम्ही तेथें शिकलों, आणि बागेंत नेमकें तेंच विसरलों. आंबा व नारळ यांच्या दोन एकर बागेसाठीं आम्हीं हातोड्यांचें यंत्र घेतलें. वाळक्या पानांचा त्यानें उत्तम भुगा केला. पण नारळाच्या ओल्या झावळ्या घालतांच त्यांचे धागे आंसास गुंडाळले गेले. ते काढण्यासाठीं गड्यानें वीज बंद न करितां हात घातला व त्याच्या बोटाचें एक पेर गेलें. दोष त्याचा नव्हे. त्यास न शिकविणारे आणि झावळ्यांचा विचार न करितां यंत्र घेणारे आम्हीच.

म्हणून आधीं मालाची जात पाहावी. ओल्या लांकडी फांद्यांस धारेचीं पातीं लागतात. वाळल्या, ठिसूळ मालास हातोड्या चालतात. झावळ्यांसारखा धागेदार माल पात्यांनींच तुटतो, तोहि धार शाबूत असेल तरच. ओला पाला बारीक चाळणींत अडकतो, यास्तव चाळणी बदलतां येईल असें यंत्र बरें. विक्रेता फांदीची जी जाडी सांगतो ती बहुधा ताज्या, मऊ लांकडाची असते. तीच फांदी वाळली कीं कठीण होते. आपली सर्वांत जाड फांदी बरोबर न्यावी व डोळ्यांदेखत कापून घ्यावी. पट्ट्यावर झांकण आणि माल सारण्याचें तोंड हात आंत न पोंचेल इतकें लांब नसेल, तर किंमत कितीहि कमी असो, तें यंत्र घेऊं नये.

अश्वशक्तीचा विचार यानंतर. ट्रॅक्टर असेल तर पीटीओवर चालणारें यंत्र सोयीचें. मोटारीचें घ्यावयाचें तर थ्री-फेज वीज बागेंत कोठवर पोंचते व कोणत्या वेळीं असते, हें पाहावें. रात्रीच्या विजेवर अंधारांत हें काम करणें म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

भुगा जितका बारीक तितका चांगला, हाहि एक भ्रम आहे. इंदूर येथें सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं जी कंपोस्ट पद्धति बसविली व १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, तींत कपाशीच्या पऱ्हाट्या व तुरीच्या काटक्या शेतरस्त्यावर पसरून रहदारीखालीं भरडून घेत. कठीण कवच फुटून आंत ओल व जंतु शिरले म्हणजे काम झालें. झाडाखालीं आच्छादनास तर जाडसर तुकडाच टिकतो. मात्र लांकडी भुगा कच्चा मातींत मिसळूं नये. तो कुजतांना जमिनींतील नत्र कांहीं काळ ओढून घेतो. शेणाबरोबर थर लावून कुजवावा.

आतां पैशाची गोष्ट. अपघातानंतर आम्हीं वर्षभर वही ठेविली. यंत्राचें काम भरलें अवघें अकरा दिवस! उरलेले दिवस कर्जाचें व्याज तेवढें चालू होतें. लहान बागाइतदारानें एकट्यानें हें ओझें कां घ्यावें? आठदहा जणांनीं किंवा गांवच्या सोसायटीनें एक चांगलें यंत्र घ्यावें, तें चालविण्यास एक शिकविलेला माणूस नेमावा आणि तासाप्रमाणें भाडें ठरवावें. पाळीवरून तंटे होतील, असें कोणी म्हणेल. होतीलहि, पण पाटाच्या पाण्याच्या पाळ्या आपण लावतोंच ना? नोंदवही नीट असली म्हणजे तंटे फार काळ टिकत नाहींत, हा आमच्या नोकरीचा अनुभव आहे.

वाचकांनीं यंत्राच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं एक छाटणी अशी वही ठेवून पाहावी, एवढीच विनंति.