अणू-रेणू आणि कलाशाखेचा विद्यार्थी

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे विद्यार्थ्यांची वाटणी होते. अधिक गुणांचे विज्ञानाकडे, मधले वाणिज्याकडे आणि उरलेले कलाशाखेकडे, अशी सर्वसाधारण रीत पडून गेली आहे. या वाटणीबरोबर ज्ञानाचीही वाटणी होते. अणू, रेणू, मूलद्रव्ये हे सारे 'सायन्सवाल्यांचे' आणि इतिहास, राज्यशास्त्र, कविता आपली. ही वाटणी मला मान्य नाही. अणू-रेणूंची प्राथमिक ओळख ही अक्षरओळखीइतकीच प्रत्येकाच्या हक्काची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी विचारील की, बी. ए. करणाऱ्याला अणूशी काय करायचे आहे? याचे उत्तर मी पुस्तकातून न देता शेतातून देते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिली मीच. घरी कोरडवाहू शेती आहे. युरियाच्या गोणीवर '४६ टक्के नत्र' असे छापलेले असते. हे ४६ कुठून आले, असे वडिलांनी एका दुकानदाराला विचारले, तेव्हा "ते कंपनीचं असतं" एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक हा हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार असे आठ अणू असतात. हायड्रोजनचा अणू सर्वांत हलका. त्याचे वजन १ धरले तर कार्बनचे १२, नायट्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचे १६ येते. सर्वांची बेरीज ६०. त्यात नायट्रोजनचा, म्हणजेच नत्राचा, वाटा २८. साठात अठ्ठावीस म्हणजे शंभरात शेहेचाळीसहून किंचित अधिक. झाला हिशेब! ४५ किलोच्या गोणीतून पिकाला देण्याजोगे नत्र जेमतेम २१ किलो. शिवाय जमिनीत या रेणूचे विघटन होऊन अमोनिया वायू तयार होतो. खत उघड्यावर पडून राहिले तर त्यातला बराच वायू हवेत निघून जातो. खत मातीआड का करावे, याचे कारण असे रेणूत दडलेले आहे. ज्याने पैसे मोजले त्याला हे कारण कळू नये काय?

आता अणू आतून कसा असतो ते पाहू. मध्यभागी केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉनांच्या संख्येवर मूलद्रव्य ठरते. सहा असतील तर कार्बन, सात असतील तर नायट्रोजन, आठ असतील तर ऑक्सिजन. अणूचे जवळजवळ सगळे वजन केंद्रकात, पण केंद्रकाचा आकार मात्र नगण्य. अणू एक किलोमीटर रुंदीच्या गावाएवढा मानला, तर केंद्रक हरभऱ्यापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे भरेल! पुष्कळशा रेणूंत अणू एकमेकांना धरून राहतात ते इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीमुळे. दोन भावांच्या बांधावर सामाईक विहीर असावी आणि तिच्यामुळे दोघांनाही एकमेकांना सोडून जाता येऊ नये, तसाच हा प्रकार आहे.

ही कल्पना मांडणारी माणसे कोण होती, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे कणादांनी आणि ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसने पदार्थाच्या अविभाज्य कणाचा विचार मांडला. परंतु तो तर्क होता. त्याला वजनमापाचा आधार दिला जॉन डाल्टनने. डाल्टन हा इंग्लंडमधल्या एका विणकराचा मुलगा. बाराव्या वर्षीच तो शाळेत शिकवू लागला. धर्मपंथ वेगळा असल्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी त्याला मिळणे शक्य नव्हते. त्याच डाल्टनने १८०८ साली आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढे १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन, १९११ मध्ये रदरफर्डने केंद्रक आणि १९३२ मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन दाखवून दिला. दारे बंद असलेल्या माणसाने ज्या ज्ञानाचा पाया घातला, त्या ज्ञानाला आपण पुन्हा दारे लावून बसलो आहोत!

भाषेच्या अभ्यासकांनाही येथे काम आहे. मराठीत आपण ज्याला 'अणू' म्हणतो त्याला हिंदीत 'परमाणु' म्हणतात आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे आपला 'रेणू'. दोन्ही भाषांतली पुस्तके वाचणाऱ्या मुलाचा गोंधळ उडाला, तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे.

अणू म्हटले की आपल्याला बाँब आठवतो. ६ ऑगस्ट १९४५ चे हिरोशिमा आठवते, १९७४ आणि १९९८ चे पोखरण आठवते. पण बाँब हा केंद्रकाचा खेळ आहे. चुलीतला जाळ आणि विळ्यावरचा गंज हा इलेक्ट्रॉनांचा. हा भेद माहीत नसेल तर अणुऊर्जेवर मत कसे देणार? देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये आपल्याच तारापूरला सुरू झाले. जैतापूरच्या प्रकल्पावरून कोकणात मोठा वाद झाला. कोणी विरोध करावा, कोणी पाठिंबा द्यावा. परंतु समजून द्यावा. राज्यशास्त्राच्या तासाला आपण ज्याला जागरूक नागरिक म्हणतो, तो याहून वेगळा असतो काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यामधल्या भिंती नकोत असे म्हटले आहे. भिंती कागदावर पडून भागणार नाही. आपल्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही हे खरे, पण फळा आहे, खडू आहे. चिकणमातीच्या गोळ्या आणि बाभळीचे काटे घेतले तर पाण्याचा, युरियाचा रेणू वर्गात उभा करता येतो. वाङ्मय मंडळाने महिन्यातून एकदा शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापकांना बोलवावे आणि त्यांनी मराठीतून, परीक्षेचे ओझे न ठेवता, तासभर शिकवावे, अशी माझी सूचना आहे. प्राचार्य आणि प्राध्यापकवर्ग तिचा विचार करतील अशी आशा आहे. मित्रमैत्रिणींनी मात्र वाट पाहू नये. घरातल्या खताच्या गोणीवर, औषधाच्या पुडीवर काय छापले आहे ते आजच वाचावे आणि "म्हणजे काय?" असे विचारायला सुरुवात करावी.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला