मॅग्नेशियम गोळीत शोधण्याआधी

पोटरीत गोळा आला, मॅग्नेशियम घ्या. झोप लागत नाही, मॅग्नेशियम घ्या. थकवा, चिडचिड, डोकेदुखी, सगळ्यावर तीच गोळी. मोबाइलवरून गावोगाव फिरणारा हा सल्ला विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या सिंदेवाहीच्या बाईलाही पटण्यासारखा आहे. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून बांधीत वाकून पऱ्हे लावले की रात्री तिच्या पोटऱ्या खरोखरच वळतात.

पण सल्ला चुकीचा आहे. कॉक्रेन या संस्थेने 2020 मध्ये या विषयावरच्या चाचण्यांचा पुन्हा आढावा घेतला, तेव्हा वयस्क माणसांच्या पायांतले पेटके मॅग्नेशियमने कमी होण्याची शक्यता फारशी नाही, असेच दिसले. गरोदर बायांबाबत चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय ही गोळी निरुपद्रवीही नाही. मूत्रपिंड अधू असेल तर जादा मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, ते रक्तात साचते आणि श्वासापर्यंत बेतू शकते.

याचा अर्थ मॅग्नेशियम हे नुसते बाजारी खूळ आहे, असा काढणारेही आहेत. "रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे, मग कमतरता कसली?" हा त्यांचा हुकमी सवाल. तोही टिकत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत असते, रक्तद्रवात एक टक्काही नाही. तेवढी पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतला साठा वापरते, त्यामुळे रिपोर्ट बराच काळ चांगला येऊ शकतो. तीनशेहून अधिक विकरांचे काम या खनिजावर चालते, आणि पेशी ज्या एटीपीच्या रूपाने ऊर्जा वापरतात तो एटीपीही मॅग्नेशियमच्या जोडीनेच कामाला येतो. जुनाट अतिसार, दारू, हाताबाहेर गेलेला मधुमेह आणि लघवी वाढवणारी काही औषधे यांमुळे खरी कमतरता येते. आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षभर घेतल्यानेही मॅग्नेशियम घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये दिला होता.

आणि मॅग्नेशियम जीव वाचवते, हे निर्विवाद सिद्ध झालेली एक जागा आहे: बाळंतपणाची खोली. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येऊ लागले किंवा येण्याची भीती असली की मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. 33 देशांतल्या सुमारे दहा हजार स्त्रियांवरची मॅगपाय चाचणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. पुढचा डोस देण्यापूर्वी परिचारिका गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का ते पाहते, मिनिटाचे श्वास मोजते, लघवी किती झाली ते तपासते आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवते. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिला डोस देऊन रुग्णाला पुढे पाठवण्याचा अधिकार उपकेंद्राच्या परिचारिकेलाही (एएनएम) आहे. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून मोठे रुग्णालय गाठायला तासन् तास लागतात. अशा वाटेवर त्या एका डोसाचे मोल फार मोठे आहे. मॅग्नेशियमसाठी आग्रह धरायचाच, तर प्रत्येक उपकेंद्राच्या कपाटात ही कुपी मुदतीत आहे की नाही यासाठी धरावा.

उरते रोजचे खाणे, आणि इथे गाठ धानाशी आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 च्या सुमारास शेतातल्या वेगळ्या लोंब्या वेचून एचएमटी वाण उभे केले. पुढे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रातून पीकेव्ही एचएमटी आले. हा बारीक, पांढराशुभ्र भात सगळ्यांना आवडतो. पण तो शुभ्रपणा गिरणीतला आहे. तूस निघाल्यावर दाण्यावर तपकिरी साल आणि टोकाला अंकुर राहतो. पॉलिशमध्ये दोन्ही कोंडा होऊन जातात, आणि मॅग्नेशियम बहुतांश तिथेच असते. शंभर ग्रॅम बिनपॉलिश तांदळात ते सुमारे 115 मिलिग्रॅम, तर पांढऱ्यात साधारण 25. राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020 ची शिफारस पुरुषाला दिवसाला 440 आणि स्त्रीला 370 मिलिग्रॅमची आहे. चारशे ग्रॅम पांढरा तांदूळ खाणाऱ्या कष्टकऱ्याला त्यातून जेमतेम शंभर मिळतात. कोंडा जातो तेल काढायला आणि ढोरांना. मॅग्नेशियम गेले गिरणीत आणि आपण ते शोधतो औषधाच्या दुकानात: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"सालीतल्या फायटेटमुळे खनिजे अंगी लागत नाहीत," हा आक्षेप अर्धा खरा आहे. शोषण घटते, पण चौपट-पाचपट मॅग्नेशियम असलेला दाणा त्यातूनही पुढेच राहतो. बिनपॉलिश तांदूळ लवकर खवट होतो, ही तक्रार मात्र पूर्ण खरी आहे, कारण सालीत तेल असते.

गडचिरोलीत पोषणयुक्त तांदळाचा प्रयोग आधी झाला आणि मग ती योजना देशभर गेली. त्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 घातले गेले. मॅग्नेशियम त्यात नव्हते. आधी दाणा सोलून काढायचा आणि मग त्यात तीन पदार्थ वरून घालायचे, यापेक्षा पॉलिशच कमी करण्याचा विचार सरकारी खरेदीत व्हायला हवा.

घराघरातला मार्ग तर आजच मोकळा आहे. गिरणीवाल्याला पॉलिश हलके ठेवायला सांगावे, पंधरा-वीस दिवसांपुरतेच धान भरडून आणावे. भाताचे पाणी ओतून देऊ नये. धान उभे असतानाच उतेऱ्यात पेरलेल्या जवसाची दोन चमचे चटणीही चांगले मॅग्नेशियम देते. जोडीला हरभरा, तीळ आणि पावसाळ्यात पालेभाजी असावी. लाखोरीची डाळ मात्र बेतानेच, कारण तिचा अतिरेक पाय लुळे करू शकतो.