लेफ्ट-राइट, ग्यानबा-तुकाराम

"ताई, आमच्या बँडसारखी शिस्त वारीत कुणी आणली, सांग?" लोणंदला पोचताच मावसबहिणीचा गुगली! बाईसाहेब नववीत. शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम आणि डोक्यात चोवीस तास इतिहास.

उत्तरही तिचंच. माउलींची पालखी लोणंदचा मुक्काम हलवून तरडगावकडे निघते, तेव्हा वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. दुतर्फा वारकरी, मधून अश्वांची दौड. १८३२च्या सुमारास या सोहळ्याला शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. "सरदार माणूस! रांग मोडेल कशी?" इति बाईसाहेब.

मी फ्लॅट. मावशी मात्र थंड. "पुढच्या वर्षी दहावी. ड्रम बंद. आणि इतिहास-राज्यशास्त्राचे मार्क किती, तर चाळीस!"

पोरगी एकदम गप्प. बोटं तेवढी टेबलावर वाजत होती, लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट.

खरं सांगू? दहावीसाठी मी शाळेचं नाटक सोडलं होतं. तेव्हाचे टक्के आज मार्कशीट काढल्याशिवाय आठवत नाहीत. न केलेल्या भूमिकेचे संवाद मात्र अजून तोंडपाठ आहेत.

मावशी, ड्रम राहू दे ना गं!